मंगळागौरीची कॅसेट

रविवारी जेवणं आटोपली की अण्णा बाहेरच्या खोलीत सतरंजी घालायला लावत आणि व्हीसीआरवरचं भरतकामाचं झाकण स्वतःच्या हातानं काढत. त्या कामाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना चालायचा नाही. मग कॅसेट आत जाई, खट् असा आवाज होई आणि डोंबिवलीच्या मानपाडा रोडवरच्या त्या तिसऱ्या मजल्यावर धाकट्या सुनेची, सरोजची, मंगळागौर पुन्हा एकदा सुरू होई.

एक्क्याण्णवच्या श्रावणात झालेली मंगळागौर दिवाळी उलटली तरी संपत नव्हती. शूटिंगवाल्यानं खेळ आधी घेतले होते आणि पूजा, जेवण, नमस्कार मागून जोडले होते. त्यामुळे अर्ध्या तासाच्या आत ती फुगडी यायचीच. हिरव्या नऊवारीतली सरोज भिंगरीसारखी फिरते आहे आणि तिच्या हातात हात अडकवलेली थोरली जाऊ, म्हणजे शालन, तिसऱ्याच फेऱ्याला धापा टाकते, चौथ्याला हात सोडते आणि धप्पकन खाली बसते. बसते ती अशी, की मागचा पाट उलटतो.

"थांब, थांब," म्हणून अण्णा कॅसेट मागे न्यायचे. मग शालन पुन्हा पडायची. सगळे हसायचे, शालनही हसायची. न हसून सांगते कुणाला?

एका रविवारी तिचा नवरा त्र्यंबक हसू पुसत म्हणाला, "शालन, जरा सरोजकडे बघ. कशी चपळ आहे. नाहीतर तू."

तो काही वाईट माणूस नव्हता. चौदा वर्षांत त्यानं कधी आवाज चढवला नव्हता, आणि कधी मान वर करून नीट पाहिलंही नव्हतं. ऑफिस, पेपर, जेवण, झोप. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि तो विषय घरात कुणी काढत नसे. पण त्या दिवशी टीव्हीतल्या सरोजकडे पाहताना त्याच्या चेहऱ्यावर जे कौतुक होतं, ते शालननं बरोब्बर टिपलं. तिच्या पोटात खड्डा पडला. सरोज लग्न होऊन आली त्या दिवसापासून शालन जळत होती, हे खरं सांगायला हवं. सरोज बँकेत जायची, रंगानं उजळ होती, बोलायला गोड होती. बरं, खोट काढावी तर पोरीत खोटही नव्हती. वाईट जाऊ परवडते, भांडता तरी येतं.

समोरच्या दारातल्या हेमाच्या भावानं मस्कतहून तिला व्यायामाची कॅसेट पाठवली होती. कुणी परदेशी बाई, निळे घट्ट कपडे, कपाळाला पट्टी, आणि तिच्या मागे दोन रांगांत सहा बायका. बाई इंग्रजीत आकडे मोजायची आणि सगळ्या उड्या मारायच्या. हेमानं दोन महिन्यांत पोट आत नेलं होतं.

"मला कॉपी करून दे ना," शालन म्हणाली.

"देते की. माझा प्लेअर घेऊन येते, तुमचा व्हीसीआर आहेच. वायर जोडली की झालं. कोरी कॅसेट आहे ना?"

"आहे," शालन म्हणाली.

कोरी कॅसेट घरात नव्हती, पण आणता आली असती. स्टेशनपाशी चार दुकानं होती. शालननं कपाट उघडलं आणि हात आपोआप गेल्यासारखा मंगळागौरीवर गेला. आपोआप गेला असं तिनं पुढे पुष्कळदा स्वतःला सांगितलं. पण त्या कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची जीभ शूटिंगवाल्यानं मुद्दाम मोडून दिली होती, चुकूनही कुणी तिच्यावर दुसरं काही भरू नये म्हणून. शालननं त्या भोकावर सेलोटेपचा तुकडा चिकटवला, नखानं नीट दाबून बसवला. हे काही आपोआप होत नाही.

पन्नास मिनिटांचा कार्यक्रम होता. मंगळागौरीचे सगळे खेळ त्याखाली गेले, फुगडीसकट. पूजा, जेवण आणि नमस्कार तेवढे मागे राहिले. संध्याकाळी अण्णांनी विचारलं तेव्हा तिनं सांगून टाकलं, "बाळकुमच्या आत्याबाईंनी बघायला नेलीय. त्यांना येता आलं नव्हतं ना." आत्याबाईंकडे फोन नव्हता आणि त्या कॅसेट परत करण्याबद्दल प्रसिद्ध नव्हत्या. अण्णा हळहळले. सरोज म्हणाली, "बघू देत की अण्णा, घरातल्याच आहेत." शालनला त्या गोडव्याचाही राग आला.

व्यायाम दुपारचा. त्र्यंबक, सरोज आणि सरोजचा नवरा जगन कामावर गेलेले असत आणि अण्णा दीड वाजता सोसायटीच्या ऑफिसात सेक्रेटरीपणा करायला जात, ते चारला येत. शालन दाराला कडी लावी, पडदे ओढी आणि त्र्यंबकचा जुना सदरा आणि परकर अशा अवतारात सतरंजीवर उभी राही. हातात मिठाच्या एक-एक किलोच्या पिशव्या. पहिल्या आठवड्यात नाकी नऊ आले. जिना उतरताना मांड्या रडायच्या. पण तिनं सोडलं नाही. दम लागला की ती डोळ्यांपुढे सरोजची फुगडी आणायची आणि अंगात दहा बायकांचं बळ यायचं.

तीन आठवड्यांत ब्लाउज दोन बोटं सैल झाला.

त्याच सुमारास तिला मागच्या रांगेत ती दिसली. सहा बायकांच्या मागे, डाव्या कोपऱ्यात, हिरवट काहीतरी हललं. शालनला वाटलं, टीव्हीत रंगाचा दोष आहे. दुसऱ्या दिवशी तो हिरवा डाग उड्या मारत होता, इतरांपेक्षा अर्धा क्षण उशिरा.

"जुन्या रेकॉर्डिंगची सावली राहते गं कधीकधी," हेमा म्हणाली. "व्हीसीआरचं हेड साफ कर." हेमानं दिलेल्या हेड क्लीनरनं शालननं हेड साफ केलं. चित्र लख्ख झालं. सातवी बाईही लख्ख झाली. ती नऊवारी नेसलेली होती आणि पाठमोरी होती.

व्हीसीआरवर चार आकड्यांचा काउंटर होता. कार्यक्रम २१४० ला संपायचा, निळी बाई हात हलवून निरोप घ्यायची, पडद्यावरून खरखरीचा एक पट्टा सरकायचा आणि मंगळागौरीची पूजा सुरू व्हायची. शालन तिथंच बंद करायची. डिसेंबरात एकदा तिच्या लक्षात आलं, की निळी बाई निरोपच घेत नाहीये. काउंटर २३०० वर होता. दुसऱ्या दिवशी २३९०. शालन व्यवहारी बाई होती. तिनं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आकडे लिहायला सुरुवात केली. रोज ते वाढत होते. पूर्वी व्यायाम संपून अंघोळ झाली, की एमआयडीसीतल्या कंपनीचा तीनचा भोंगा वाजायचा. आता भोंगा वाजायचा तेव्हाही ती उड्याच मारत असायची. पूजेचा चौरंग गेला, आरती गेली. पंगत अर्धी उरली. जिथं जेवणाऱ्या बायका होत्या तिथं आता निळी बाई गुडघे उचलत होती.

खालच्या मजल्यावरच्या सुमतीबाई एकदा जिन्यात भेटल्या. "दुपारी व्यायाम करता ना हो दोघी? करा करा, चांगलं असतं. फक्त जरा हळू. पंखा हलतो माझा."

"दोघी नाही, मी एकटीच."

"असं?" सुमतीबाई हसल्या. "आम्हाला आपले दोघींचे पाय ऐकू येतात. एकीचे जोरात असतात. दुसरीचे हल्ली फरफटल्यासारखे."

घरात सरोज वाळत चालली होती. आधी कुणाला कळलं नाही, मग एकदम सगळ्यांना कळलं. डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं, काही निघालं नाही. बँकेत दुपारी दीडच्या सुमारास तिला दरदरून घाम फुटायचा, छाती धडधडायची. खुर्चीवर बसल्या बसल्या पाय भरून यायचे.

"वहिनी, तळवे बघा ना माझे," एका संध्याकाळी ती म्हणाली. शालननं पाय मांडीवर घेतला. तळव्यांना फोड आले होते, काही फुटले होते. दिवसभर कुणी अनवाणी नाचावं तसे. "मी चालते तरी किती हो? रिक्षानं जाते, रिक्षानं येते."

शालननं कोकमतेल गरम करून चोळलं. सरोज डोळे मिटून म्हणाली, "तुमच्या हाताला गुण आहे."  सगळं सांगून टाकावं असं शालनला खरंच वाटलं. पण सांगायचं तरी काय? की तुझी मंगळागौर मी पुसली आणि टीव्हीतली एक बाई तुझं लुगडं नेसून उड्या मारते? तिनं तेलाची वाटी उचलली आणि स्वयंपाकघरात गेली.

दोन दिवस तिनं कॅसेट लावली नाही. सरोज दोन दिवसांत दोन पोळ्या खायला लागली.

तिसऱ्या दिवशी शालन ओट्याशी पाठमोरी उभी होती. त्र्यंबक पेपर घेऊन आत आला आणि म्हणाला, "सरोज, पाणी दे गं."

ती वळली. तो दचकला. "अरे, तू होय! पाठमोरी अगदी तीच वाटलीस."

चौदा वर्षांत कशानंही झाला नसेल असा आनंद तिला त्या एका चुकीनं झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला तिनं कडी लावली.

संक्रांत गेली. सरोजचे ब्लाउज शालनला येऊ लागले. सरोजला ते होत नव्हते, खांद्यावरून गळत होते, म्हणून तिनंच आणून दिले. काउंटरचे आकडे कॅलेंडरच्या मागं मावेनात. पडद्यावरची सातवी बाई आता मधल्या रांगेत आली होती. तिचं तोंड दिसत होतं. शालन तिकडे पाहत नसे. ती निळ्या बाईकडे पाही, आकडे मोजी आणि भोंगा वाजायची वाट बघे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात टेप संपत आली. मंगळागौरीतलं आता शेवटचं एवढंच उरलं होतं: सरोज वाकून थोरल्या जावेला नमस्कार करते, शालन तिच्या डोक्यावर हात ठेवते आणि काहीतरी आशीर्वाद देते. तीन-चार मिनिटं. ती उद्या जाणार हे गणित शालनला कळलं. ती सतरंजीवर बसून राहिली. मग उठली, कॅसेट काढली, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर पितळी घंगाळात टाकली आणि घंगाळ पालथं घातलं. पुरे झालं, ती मोठ्यांदा म्हणाली. हवं ते मिळालंय आपल्याला.

आता यावर निभावलं असतं. पण मिळालं होतं का?

त्याच संध्याकाळी त्र्यंबक स्टेशनवरून शहाळं घेऊन आला. चौदा वर्षांत त्यानं घरी स्वतःहून भाजीची जुडी आणली नव्हती. शहाळं सोलून आणलेलं, वर स्ट्रॉ खोचलेली. बँकेतून आली की सरोज हल्ली पलंगावर आडवीच असे, तो थेट तिच्या पलंगाशी गेला. "घे, सरोज. ताजं आहे. थोडं थोडं पी." अण्णा उशाशी बसून तिला पेपर वाचून दाखवत होते. जगन पाय चेपत होता. दारात शालन उभी होती, तेरा किलो उतरलेली, जावेच्या मोरपिशी ब्लाउजमध्ये, केसांत अबोलीचा गजरा माळून.

"शालन," त्र्यंबक मागे न बघता म्हणाला, "मऊ भात टाक हिच्यासाठी. आणि हळू चाल जरा, हिला आवाज सहन होत नाही."

सरोज धडधाकट होती तेव्हा तिचं कौतुक होतं. आता हाडाचा सापळा झाली तर अधिक कौतुक. शालननं भात टाकला. तांदूळ धुताना तिनं ते असे चोळले, की निम्मे मोडले.

सकाळी सरोज हट्टानं बँकेत गेली. रजा शिल्लक नव्हती, जगन तिला रिक्षानं सोडून पुढं गेला. दीड वाजता अण्णा खाली उतरले. शालननं घंगाळ सुलटं केलं.

सतरंजी. कडी. पडदे. मिठाच्या पिशव्या तिनं घेतल्या नाहीत.

निळी बाई मोजू लागली. मधल्या रांगेतली हिरवी बाई आता उडी मारत नव्हती. ती नुसते हात वर करायची, खाली आणायची. तोंड उघडं होतं.

शालन थांबली नाही.

भोंगा वाजला. नमस्काराची जागा आली. शालननं प्रथमच नीट पाहिलं. टीव्हीत तीच ती बाहेरची खोली होती, तोच चौरंग. सरोज वाकली. वाकली ती खालीच गेली, चित्राच्या कडेखाली, आणि वर आली नाही.

आशीर्वादाला हात उचललेली जाडी शालन तिथं एकटी उभी राहिली.

तिनं हात खाली घेतला. समोर पाहिलं, जणू काचेतून बाहेर कोण आहे ते न्याहाळत होती. मग निळ्या बाईच्या आकड्यांवर सावकाश डावा गुडघा उचलला. उजवा उचलला.

शालननं बंदचं बटण दाबलं. चित्र चालूच राहिलं. तिनं प्लग ओढला.

मग शांतता झाली. तिच्या अंगाला घामाचा थेंबही नव्हता. किती हलकं वाटत होतं!

चारला अण्णा आले ते तिच्याकडे न बघताच आत जाऊन आडवे झाले. साडेपाचला जगन आला. दार शालननं उघडलं. त्यानं डब्याची पिशवी तिच्या हातात दिली आणि नेहमी सरोजला विचारायचा तसं विचारलं, "आज बरं वाटतंय ना गं? लवकर आलीस बँकेतून."

ती हसली. "डोळे तपासा, भाऊजी."

जगन तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यालाही हसू आलं. "चला, थट्टा सुचायला लागली म्हणजे बरी झालीस. अण्णा, बघा हो, सरोजला किती दिवसांनी तरतरी आलीय!"

अण्णा बाहेर आले. त्यांनी चष्म्यातून तिला नीट निरखलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "देव पावला," ते म्हणाले. "पोरी, चहा टाकतेस? शालन अजून आली नाही वाटतं बाहेरून."

तिनं चहा टाकला. दुसरं काय करणार? आधण उकळेपर्यंत ती दाराकडे कान लावून होती. सरोज येईल, बेल वाजवेल आणि ही थट्टा संपेल. सहा वाजले. साडेसहा झाले. बँकेतून आलेलं कुणी जिना चढलं नाही, आणि घरात कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

सातला त्र्यंबक आला. ती धावत बाहेरच्या खोलीत गेली.

"अहो," ती म्हणाली.

त्र्यंबकनं मान वळवली नाही. नवऱ्याला मारायची हाक ती, भावजयीनं मारल्यावर थोरला दीर कशाला वळेल? आतल्या खोलीतून जगन म्हणाला, "काय गं?"

"अहो, मी शालन!" तिनं त्र्यंबकचा हात धरला. त्यानं तो अवघडून, पण हळुवारपणे सोडवून घेतला. परस्त्रीचा सोडवावा तसा. तापात आहे का, असं त्यानं नजरेनंच अण्णांना विचारलं. मग दुसरंच विचारलं, "शालन कुठंय?"

कुणालाच माहीत नव्हतं. तो गॅलरीत गेला. कठड्यावर वाकून रस्त्याकडे बघत राहिला. आत आला, पुन्हा गेला. हेमाचं दार वाजवून आला. "ती अशी न सांगता कधी जात नाही हो अण्णा," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. "हल्ली तिच्याकडे लक्षच दिलं नाही मी. बोलतही नव्हती. काल तुटकपणे बोललो तिला." आठ वाजता तो पायात चपला न घालता जिना उतरून तिला शोधायला गेला.

ती कठड्याशी उभी राहून त्याला पाहत होती. कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारत होता, भाजीवालीला विचारत होता, हातानं उंची दाखवत होता, अंगानं थोडी जाड म्हणून सांगत होता. हे सगळं त्या बाईसाठी. तिच्या पोटात खड्डा पडला. ती कळ तिला चांगली ओळखीची होती, फक्त या वेळी ती कुणाबद्दल आहे हे कळायला थोडा वेळ लागला.

"सरोज," अण्णा आतून म्हणाले, "आपण जेवून घेऊ. शालनचं पान वाढून ठेव, बाळ. दमून येईल बिचारी."

तिनं ताट घेतलं. भात वाढला, वरण, बटाट्याची भाजी, दोन पोळ्या, पोळ्यांवर तूप. वर झाकायला दुसरी ताटली घेतली. मग ती क्षणभर थांबली, मागे वळून कुणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि त्या ताटातली एक पोळी काढून आपल्या ताटात ठेवली.